आप्पांच्या फियाटचा उजवा स्पीकर

उजवा स्पीकर काही केल्या तोंड उघडत नव्हता.

आसाराम जुन्या फियाटच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. पाय दाराबाहेर, डोकं क्लचजवळ, दातांत काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. दोन तासांत चौथ्यांदा त्यानं उजव्या स्पीकरच्या वायरी सोडल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, पुन्हा पिळून जोडल्या आणि कंबर धरत उठून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. डोळे मिटले. पेनड्राइव्हवरचे कीर्तनकार महाराज निरूपणात रंगले होते. पण महाराज सगळेच्या सगळे डाव्या बाजूला जाऊन बसले होते. उजवीकडून नुसती कुजबुज येत होती, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तशी.

"आयला, ह्याच्या," एवढं म्हणून तो थांबला, कारण पुढची शिवी महाराजांसमोर देणं त्याला बरं वाटेना. दुपारचे दोन वाजले होते. पाच वाजता मालक गाडी न्यायला येणार होते.

मालक म्हणजे चौसाळ्याच्या पुढचे विजयसिंह. जमीन भरपूर, तालुक्याच्या राजकारणात वजन, दारात चार गाड्या. पण ही दुधी रंगाची फियाट त्यांच्या वडिलांची, आप्पांची. अठ्ठ्याहत्तर साली आप्पांनी ती घेतली आणि जिल्हा परिषदेच्या बैठकांना स्वतः चालवत नेली. चार वर्षांपूर्वी आप्पा गेले, तेव्हापासून ती गोठ्याशेजारी ताडपत्री पांघरून उभी होती. आता त्यांची नात तेजश्री हिचं लग्न उद्यावर आलं होतं आणि तिनं हट्ट धरला होता की सासरी जाईन तर आजोबांच्या गाडीतून. मग इंजिन उघडलं, रंग झाला, आणि सगळ्यात शेवटी गाडी मांजरसुंब्याला आसारामच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्री," सकाळी विजयसिंह म्हणाले होते, "पोरगी गाडीत बसली की रडनार. तिचं रडू तिलाच ऐकू आलं न्हाई पायजे, आसा आवाज बसवा. आन एक. आमच्या आईचं बजावून सांगनं हाय, आप्पांच्या डॅशला नवं भोक पाडायचं न्हाई. पाडलं तर ती सोता हितं येईल."

विजयसिंहांच्या आई केशरबाई स्वतः येणं म्हणजे काय, हे त्या सगळ्या पट्ट्याला ठाऊक होतं. आसारामनं भोक पाडायचा विचारही मनात आणला नाही. सुदैवानं तशी गरज नव्हती. पंच्याऐंशीच्या सुमारास आप्पांनी कॅसेटचा टेप बसवून घेतला होता, आणि त्या वेळच्या कुणा बहाद्दरानं डॅशच्या पत्र्याला दोन टोकांना छिन्नीनं दोन भोकं पाडून ठेवली होती. डावं भोक उजव्यापेक्षा दोन बोटं वर, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. आसारामनं सकाळभर बसून त्या कडा कानशीनं गुळगुळीत केल्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, चार इंची नवे स्पीकर आत बसवले आणि वरून जुनीच जाळी ठोकली. नवा स्टिरिओ जुन्या रेडिओच्या चौकटीत असा बसवला की बाहेरच्या माणसाला काही बदललंय हेच कळू नये. बारापर्यंत हे सगळं उरकलं होतं. कानशीच्या कामाला तो कधीच भीत नव्हता. राहिलं होतं ते त्याचं खरं काम.

स्पीकर बसवणारे आता पायलीला पन्नास झाले होते. तरी बीड, केज, पाटोद्याहून माणसं आसारामकडे यायची ती मधल्या आवाजासाठी. गाडीत एक माणूस बोलत असेल तर तो एकाच जागी बसलेला ऐकू आला पाहिजे, समोरच्या काचेच्या मधोमध, आरशाच्या खाली. हे त्याला बीडच्या गफूर उस्तादनं शिकवलं होतं. आसारामचे आईबाप शिरूर कासारहून कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेले की पोरगं सहा महिने उस्तादच्या दुकानात असायचं, आणि उस्ताद त्याला जेवण आणि अक्कल दोन्ही देत. स्टिरिओवर डाव्या-उजव्याचा आकडा असतो. शून्य म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. पण नुसता शून्यावर ठेवून गाडी सोडणं उस्तादला मंजूर नव्हतं. ड्रायव्हर बसतो एका कडेला, पत्रा कुठं जाड तर कुठं पातळ, प्रत्येक गाडीचा मध्य वेगळा. तो कानानं शोधायचा असतो.

एकतीस वर्षं आसारामनं तेच केलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, पेटी-मृदंग नसलेलं नुसतं बोलणं लावायचं आणि बोलणारा आरशाखाली येऊन बसेपर्यंत आकडा फिरवायचा. तो उठला की गाडी झाली असं समजायचं. एकदा बीडच्या एका डॉक्टरनं, मोबाइलवर मोजून बघू का, असं विचारलं होतं. आसारामनं त्याला स्पीकर मोबाइलकडूनच बसवून घ्या म्हणून सांगितलं आणि गाडीखालची चटई काढून घेतली. डॉक्टर शेवटी तिथंच बसून राहिला. आसारामला जमीन नव्हती, शिक्षण सातवी, दुकान भाड्याचं. त्याच्यापाशी होता तो हा कान आणि त्या कानाचं नाव.

आणि आज उजवा बोलत नव्हता.

तशी वर्षभरात उजव्या बाजूला थोडा जास्त जोर द्यावा लागतोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आधी दोन आकडे, मग चार, अलीकडे सहा. हल्लीचा मालच हलका, असं म्हणून तो मोकळा व्हायचा. पण आज आकडा उजवीकडे नऊवर नेला, त्याच्यापुढे आकडाच नव्हता, तरी महाराज आरशाखाली यायला राजी नव्हते.

त्यानं टॉर्चचा सेल दोन्ही स्पीकरना लावून पाहिला. दोन्हींचे पडदे सारखेच उचलले. मीटर लावला, दोन्हींचं माप सारखं. मग उजवा काढून डावीकडे लावला, तर तो तिथं ठणठणीत बोलायला लागला. डावा उजवीकडे आणला, आणि इतका वेळ घसा ताणून बोलणारा तो स्पीकर उजव्या भोकात गेल्याबरोबर गप्प. बरं, वायर. वायर नवी ओढली. तेच. स्टिरिओच्या मागं डाव्याची जोडणी उजव्याला, उजव्याची डाव्याला. तेच. म्हणजे स्पीकर नाही, वायर नाही, स्टिरिओ नाही. मग उरलं काय? भोक. आता भोकात काय बिघडणार? तरी आसाराम त्या भोकात बोट फिरवत बराच वेळ बसून राहिला.

शेजारी सिदूचं पंक्चरचं दुकान होतं. तो हात पुसत आला.

"काय बे, घुसलास ते निघंनास."

"उजवा बोलंना."

सिदू ड्रायव्हरच्या सीटवर बसला, क्षणभर ऐकलं आणि मान मागं घेतली. "मला तर उजवाच जास्ती वाटतोय बे. कानात शिरतोय."

"तुला काय कळतंय? ट्यूबा फुटून फुटून तुजे कान गेलेत."

सिदूनं ते मनावर घेतलं नाही. त्याच्यापाशी स्वतःचं कारण तयार होतं. "आप्पा सोता चालवायचे का न्हाई? म्हंजी उजवीकडं कोन बसायचं? आप्पा. मधी मानूस बसला की आवाज आडतो का न्हाई?"

"आप्पा जाऊन चार वर्सं झाली."

"तेच तर म्हनतोय म्या."

आसारामनं त्याला हाकलून दिलं. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. तरी सिदू गेल्यावर त्यानं सीटच्या पाठीवरून हळूच हात फिरवला, उदबत्ती लावावी का असंही क्षणभर त्याच्या मनात आलं, आणि तो स्वतःवरच चिडला. डोकं चालेनासं झालं होतं. सिदूला उजवा जास्त, आपल्याला कमी. एका गाडीत, एका वेळी, एकच आवाज. सिदू जन्मभर उलटंच बोलत आला, हे खरं. पण उलटं बोलायलाही काही कारण लागतंच ना.

तीनच्या सुमारास चौकटीचा एक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटला आणि उडून मागच्या सीटवर पडला. आसाराम ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून, पाठीवरून ओणवा होऊन स्क्रू चाचपायला लागला. महाराज चालूच होते. चाचपता चाचपता त्याचा हात थांबला.

उजवा स्पीकर बोलत होता. स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं. आणि डावा गप्प झाला होता.

तो वळून सरळ बसला. उजवा गप्प, डावा बोलतोय. पुन्हा मागं वळला. उजवा बोलतोय, डावा गप्प. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, मिस्त्रीला गाडीत साप दिसला. वायर कुणी हलवली नव्हती, आकडा कुणी फिरवला नव्हता. वळत होता तो फक्त आसाराम, आणि तो वळेल तिकडं बिघाड वळत होता.

मग त्यानं डाव्या कानात करंगळी घातली. महाराज गेले. हायवेवरचे ट्रक गेले, समोरच्या ढाब्यावरची भांडी गेली, सिदूचा हवेचा पंप गेला. सगळं मांजरसुंबा कुणीतरी गोधडीखाली झाकून ठेवलं. करंगळी काढली तसं सगळं परत आलं, पण एका बाजूनं.

आसाराम घाबरला. एकतीस वर्षं तो ड्रायव्हरच्या सीटवर बसत आला होता. उजवं दार उजव्या कानाला खेटून, त्या दारातला स्पीकर मोठा करून, दिवसाला दोन-दोन, तीन-तीन गाड्या. कान कशानं गेला हे विचारायला त्याला दुसरीकडं जायची गरज नव्हती. पण कधी गेला? आणि गेला असेल तर गेल्या वर्षभरात ज्या गाड्या आपण डोळे मिटून मधोमध लावल्या, त्या कशा लागल्या असतील? एवढ्या सगळ्यांत एकही माणूस भांडायला कसा आला नाही?

समोरच्या ढाब्यापुढं बजरंगचा पिकअप उभा होता. बजरंग चौसाळ्याहून कांदा भरून न्यायचा, आणि त्याच्या पिकअपमध्ये दोन महिन्यांपूर्वी आसारामनंच स्पीकर बसवले होते. आसाराम रस्ता ओलांडायला निघाला. उजवीकडून आलेला टँकर त्याला अगदी जवळ आल्यावर दिसला. टँकरवाला काहीतरी ओरडून गेला.

बजरंग बाजेवर बसून चहा पीत होता.

"किल्ली दे."

"काय झालं भाऊ?"

"दे तर."

आसारामनं पिकअपचा स्टिरिओ चालू केला आणि आकडा पाहिला. शून्य.

"म्या सहावर ठिवलं व्हतं," तो खिडकीतून म्हणाला.

"पोरानं दाबलं आसंल कायतरी."

"बजरंग, तुजं पोरगं आठ म्हैन्याचं हाय."

बजरंगनं ग्लास खाली ठेवला. उठून जवळ आला, पण तोंडाकडं बघेना. "भाऊ, उजव्या कानापाशी लई वाजत व्हतं. घरी गेल्यावर मधी आनलं. तेवढंच."

"आन त्या भारतच्या जीपमधी म्या लावलेलं?"

"त्यानंबी आनलं."

"समदेच आनत्यात?"

बजरंगनं पिकअपच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"मग माज्याकडं कावून येता बे? शून्यावर तर कोनबी ठिवून देईल."

या प्रश्नाचा बजरंगनं कधी विचार केला नसावा. तो खरोखर गोंधळला. "आता," तो म्हणाला, "तुमी त्या सीटवर बसून उठल्याबिगर गाडी पुरी झाल्यावानी वाटत न्हाई. आकडा काय, तो घरी फिरवता येतोय."

आसाराम किल्ली देऊन परत निघाला. हा मान होता की कीव, ते त्याला कळेना. बजरंगला दोन ठेवून द्याव्या की त्याच्या पाया पडावं, तेही कळेना. तालुक्यातली माणसं त्याच्याकडून गाडी चुकीची लावून घेत होती, त्याचे पैसे देत होती, वर राम राम करून जात होती आणि घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करत होती. यात लबाडी कुणाची होती? आपण तर काही लपवलं नव्हतं. लपवायला आधी माहीत असावं लागतं.

दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत त्याचं घर होतं. त्याची बायको चंद्रभागाबाई उंबऱ्यापाशी बसून मुगाची डाळ निवडत होती. तो भिंतीला टेकून खाली बसला. ती उठली, परात घेऊन त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली आणि पुन्हा निवडायला लागली. हे ती गेलं वर्षभर करत होती. त्याला वाटायचं, दारातल्या उजेडासाठी.

"तुला कवापस्नं म्हाईत हाय?" त्यानं विचारलं.

कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. "गेल्या पोळ्याच्या आधीपस्नं."

"सांगायचं न्हाई व्हय?"

"दोनदा सांगितलं. तुमी हूं म्हनलाव."

"कवा?"

"एकदा जेवताना. एकदा दुकानात. बीडला डाक्टरकडं जाऊ म्हनलं, त्यालाबी हूं म्हनलाव. मला वाटलं कबूल हाय. लुगडं बदलून, पिशवी घिऊन बसले, तर तुमी एका जीपमधी घुसलेलाव." तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "मग म्हनलं, ऱ्हाऊ द्या. तवापस्नं म्या हिकडून बसाया लागले."

आसारामला ती जीप आठवत नव्हती, जेवण आठवत नव्हतं, आपण हूं म्हटल्याचंही आठवत नव्हतं. त्याला वाईट कशाचं वाटत होतं तेही नीट सांगता आलं नसतं. कान गेल्याचं होतंच. पण आपल्या कानाची बातमी आपल्यालाच सगळ्यात शेवटी कळावी, हे त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

"चा ठिवू?"

"नगं."

चार वाजून गेले होते. त्याच्यापुढं आता सोपी वाट एकच होती. आकडा शून्यावर ठेवायचा, पाच वाजता नेहमीच्या तोऱ्यात सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, उठायचं. विजयसिंहांना काही कळलं नसतं. उद्याच्या वरातीच्या गोंधळात कुणालाच कळलं नसतं. पण ते डावं भोक दोन बोटं वर होतं. शून्यावर ठेवलं तर आवाज मध्यावर येणार नाही, हे कान नसलेल्या आसारामलाही ठाऊक होतं, आणि तेजश्री त्या गाडीतून एकदाच जाणार होती. वर्षभर चुकीच्या गाड्या सोडल्या त्या नकळत. ही जाणूनबुजून सोडायची म्हणजे मग उस्तादचं नाव घ्यायचंच बंद केलं पाहिजे.

तो उठला. "चल जरा भायेर."

"कुटं?"

"गाडीत बस."

चंद्रभागाबाईनं परात बाजूला ठेवली, पण उठली नाही. "म्या? मालकाच्या गाडीत?"

"बस म्हनतोय ना."

एकतीस वर्षांत ती एकदाही गिऱ्हाइकाच्या गाडीत बसली नव्हती. तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर अगदी कडेला टेकली. स्टेअरिंगला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. आसाराम पलीकडच्या सीटवर बसला. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याला अख्खं तोंड तिच्याकडं वळवून बसावं लागलं.

"नीट मागं टेकून बस. डोळे मीट. बोलनारा मानूस कुटं बसलाय तेवढं सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कुटून येतंय तेवढंच सांगायचं हाय."

तिनं डोळे मिटले. त्यानं महाराजांना चालू केलं. आकडा अजून नऊवरच होता.

"ह्या बाजूनं," तिनं उजवा हात हलवला. "लई आंगावर आलाय बाई मानूस."

म्हणजे सिदू खरं बोलत होता. आसारामनं आकडा सहावर आणला.

"हितंच हाय आजून."

चार. "जरा सरकला." तीन. "आजून सरकू द्या." दोन. ती थांबली. मान किंचित वर केली. भाकरी भाजली की नाही हे बघताना ती अशीच थांबायची. त्यानं आकडा एकवर आणला. "आता पल्याड गेला." पुन्हा दोनवर.

"हां. हितं."

डोळे मिटूनच तिनं बोट दाखवलं. बोट आरशाच्या बरोबर खाली होतं.

आसारामला ते साफ चुकीचं ऐकू येत होतं. समोर तोंड केलं की त्याच्या कानाला महाराज डाव्या दाराबाहेर उभे राहून बोलत होते. त्याच्या हाताला आकडा उजवीकडं ढकलायची सवय होती आणि हात शिवशिवत होता. त्याचा विश्वासच बसेना. तिला न सांगता त्यानं आकडा एकानं हलवला.

"कावून हालवलं?" ती डोळे न उघडता म्हणाली. "बसला व्हता की चांगला."

त्यानं तो परत दोनवर आणला. थोड्या वेळानं पुन्हा चोरून हलवला, या खेपेला दुसऱ्या बाजूला. तिनं नुसती कपाळाला आठी घातली. त्यानं मुकाट्यानं परत आणला. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. असा कान एकतीस वर्षं घरात डाळ निवडत बसला होता आणि आपण त्याला कधी काही विचारलं नाही, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

"उगड डोळे," तो म्हणाला.

"झालं?"

"झालं."

पावणेपाचलाच विजयसिंहांची मोठी गाडी येऊन थांबली. ते घाईत होते. सकाळपासून मंडपवाला, आचारी, पाहुणे यांनी त्यांचं डोकं खाल्लेलं दिसत होतं. चंद्रभागाबाई फियाटमधून उतरली आणि पायानं चपला चाचपत बाजूला उभी राहिली. ती गाडीत का बसली होती, हे विजयसिंहांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी आधी डॅश पाहिला. नवं भोक नाही, हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"झाक झालं, मिस्त्री. आई खूश हुईल. आवाज?"

"बसलाय."

"सोता बसून बगितलाव ना? तेवढं झालं की म्या निघतो."

आसारामनं हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. विजयसिंहांचा एक हात दाराला लागलाही होता.

"म्या न्हाई बसलो," तो म्हणाला. "माजा उजवा कान गेलाय, मालक. वरीस झालं आसंल. मला आजच कळलं. हिनं बसून लावलंय."

थट्टा आहे का, हे विजयसिंहांना समजेना. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी आवाज लावला. डोळे मिटायची त्यांना सवय नव्हती. ते नुसते स्टेअरिंगकडं बघत ऐकत होते. आप्पा जिथं बसायचे तिथं ते बसले होते. चांगलं ऐकू येत असावं, तसं तोंडावरून वाटत होतं. पण चांगलं म्हणजे बरोबर का, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. सवयीनं आधी आसारामकडं पाहिलं. मग त्यांची नजर तिथून निघाली आणि पलीकडं गेली.

"काकू," त्यांनी विचारलं, "बरोबर हाय ना?"

चंद्रभागाबाई आसारामच्या उजव्या अंगाला उभी होती. ती काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. विजयसिंहांनी मान डोलावली, दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली.